इस्त्रीबाई आणि आरसा नसलेला कॅमेरा

माणसाच्या कातडीइतकी ओंगळ वस्तू जगात दुसरी नाही, असं इस्त्रीबाईचं ठाम मत होतं. हे मत तिने उगाच हवेतून काढलेलं नव्हतं. अर्धं आयुष्य तिने हीच कातडी निस्तरण्यात घालवलं होतं. भावाच्या फोटो स्टुडिओत, पडद्यामागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून ती लोकांचे चेहरे साफ करायची. पुटकुळ्या, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, नाकपुडीतून डोकावणारे केस, ओठांच्या कोपऱ्यात वाळलेली थुंकी, सगळं ती कॉम्प्युटरला जोडलेल्या एका पेनाने पुसून गुळगुळीत करायची. ही चेहऱ्यांना इस्त्री करते, असं कुणी गिऱ्हाईक कधीतरी गमतीने म्हणालं आणि ते नाव तिला असं चिकटलं, की आता बँकेतला कारकूनसुद्धा तिला "या इस्त्रीबाई" म्हणायचा.

या कामाने तिचं एक कायमचं नुकसान केलं होतं. तिला माणूस अख्खा दिसेनासा झाला होता. भाजीवाला भाव सांगत असला की ही त्याच्या गालावरचे खड्डे भरत बसायची. दाताचा डॉक्टर तोंडावर वाकला की त्याच्या नाकावरची काळी टोकं बघून हिलाच मळमळायचं, आणि त्याला वाटायचं बाई सुईला घाबरल्या. लग्नाचा योगही एकदा आला होता. मुलगा चांगला होता, नोकरी होती, पण मानेवर एक केसाळ तीळ होता आणि तो बोलताना हलायचा. तिने नकार कळवला. घरच्यांना कारण मात्र दुसरंच सांगितलं.

जगात एकच चेहरा असा होता की ज्याची तिला कधी किळस आली नाही. तो तिच्या भाचीचा. वहिनी मूल अगदी लहान असतानाच गेली आणि दादाची ही मुलगी आत्याच्या टेबलाखाली वाढली. शेंबूड, ओकाऱ्या, कांजिण्यांच्या खपल्या, सगळं आत्याने निस्तरलं आणि एकदाही नाक मुरडलं नाही. पोरगी एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. फोटो काढायला बसवावं तर खटका दाबेपर्यंत ही खुर्चीवरून गायब. स्टुडिओवाल्याची एकुलती एक लेक आणि तिचा लहानपणचा एक धड फोटो घरात नाही. आहेत ते सगळे हललेले.

भिंगरीचं लग्न होऊन आता दोन-तीन वर्षं झाली होती. जावईबापूंचा न्हाणीघराच्या सामानाचा धंदा होता. नळ, शॉवर, बेसिन आणि भिंतीत बसवायच्या चकचकीत दांड्या. बोलायला गोड, कपड्यांना कडक, आणि अंगाला अत्तराचा असा भपकारा की ते येऊन गेल्यावर स्टुडिओचं दार बराच वेळ उघडं ठेवावं लागे. त्यांनी नवं मोठं दुकान काढलं होतं आणि त्याचं सगळं कॅटलॉग सासऱ्यांकडून करून घ्यायचं त्यांच्या मनात होतं. फक्त एक अट होती. दादाचा जुना कॅमेरा त्यांना पसंत नव्हता. आजकाल मोठ्या सेन्सरचे, आरसा नसलेले कॅमेरे आलेत, बाबा, एका नळाचा फोटो काढला तर त्याच्या चकाकीत समोरची अख्खी खोली दिसते, असं त्यांनी समजावलं. दादाच्या स्टुडिओत हल्ली पासपोर्टचे फोटो सोडले तर माशी फिरकत नव्हती. तो लगेच विरघळला.

अशा रीतीने तो कॅमेरा आठवडाभर वापरून बघायला म्हणून दुकानदाराकडून स्टुडिओत आला. एका काळ्या पेटीत, स्पंजमध्ये रुतून बसलेला, नवजात बाळासारखा. दादा त्याला उचलतानाही दोन्ही हात लावत होता.

पहिल्या दिवशी तर हसावं की रडावं अशी गत झाली. दादाने फ्लॅशचे दिवे लावले, सगळे आकडे पूर्वीसारखे बसवले, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि आत मिट्ट काळोख. झाकण राहिलं असेल म्हणून त्याने पुढे हात फिरवला, तर काचेवर चांगला अंगठा उमटला. इकडून बघ, तिकडून बघ, शेवटी दुकानदाराला फोन. या कॅमेऱ्यात काचेतून थेट दिसत नाही, आत एक छोटा टीव्ही असतो, आणि फोटो जसा येणार तसा तो आधीच दाखवतो. फ्लॅश उडायच्या आधी अंधार म्हणून तोही अंधारच दाखवतो, ते एक सेटिंग बंद करा, असं त्याने सांगितलं. दादाने केलं. मग उजेड पडला. टेबलावरच्या पंख्यासारखी मान डोलावत तो म्हणाला की किती हुशार आहे बघ. बहिणीला त्यात हुशारीची एकही गोष्ट दिसली नाही.

दुसरी तऱ्हा आवाजाची. जुन्या कॅमेऱ्यातला आरसा खाटकन आपटायचा, शेजारच्या शिंप्याला कळायचं की इकडे फोटो निघाला. तो आवाज झाला की गिऱ्हाईक रोखलेला श्वास सोडायचं. या नव्या यंत्रात आरसाच नाही, त्यामुळे कुणी हळूच आवंढा गिळावा तेवढाच आवाज. आणि तिसरी तऱ्हा म्हणजे माणूस समोर आला की हा आपला आपण त्याचा डोळा शोधून काढायचा आणि डोळ्यावर एक चौकट चिकटवायचा. माणूस हलला की चौकटही त्याच्या डोळ्यामागे पळायची. दादा त्या चौकटीच्या अक्षरशः प्रेमात पडला.

मॉडेल म्हणून प्रथम दादाच बसला आणि बटण बहिणीने दाबलं. फोटो तारेतून मागच्या खोलीतल्या पडद्यावर आला. कॉम्प्युटर धापा टाकत होता, कारण एकेक फोटो पूर्वीच्या दहा फोटोंएवढा जड. हळूहळू भावाचं नाक उलगडलं. इस्त्रीबाईने नाकं खूप बघितली होती, पण हे नाक नव्हतं, ही दलदल होती. प्रत्येक छिद्रात मेण, प्रत्येक मेणाला आपापली चमक. नाकपुडीत एक केस आणि त्या केसाला अडकलेलं काहीतरी. भुवयांमध्ये कोंड्याचे पापुद्रे उभे राहिलेले. तिच्या हातातला चहा तिने तसाच मोरीत ओतला. दादा मात्र खांद्यावरून वाकून म्हणत होता, काय डिटेल आहे बघ, छोटे, काय डिटेल आहे. पन्नाशी उलटली तरी तो तिला छोटीच म्हणायचा.

देवाने माणसाच्या डोळ्यांना मर्यादा घातली ती विचार करूनच घातली असणार, असं तिला वाटलं. हे यंत्र ती मर्यादा ओलांडून लोकांच्या अंगात शिरत होतं, आणि तिने ते सगळं नखाएवढं नखाएवढं साफ करत म्हातारं व्हायचं होतं. तिने स्पष्ट सांगून टाकलं की ही घाण परत कर. दादाने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं.

आठवडा संपायच्या बेतात आला तेव्हा जावईबापू भिंगरीला घेऊन आले. नव्या दुकानात शिरल्याशिरल्या भिंतीवर दोघांचा पुरुषभर उंचीचा फोटो लागणार होता. तोच कॅमेऱ्याची परीक्षा ठरणार होता. आत्याने नेहमीसारखी पावडर-ब्रशची डबी काढली, पण भिंगरी म्हणाली की मी घरूनच करून आलेय. खरंच करून आली होती, आणि चांगला जाड थर देऊन. गळ्यात एक लाल स्कार्फ होता. आत्याच्या मनात आलं की पोरीची आवड बिघडली. मग ती मागच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली.

पडद्याआडून बोलणं ऐकू येत होतं. दादा खूष होता. किती शहाणी झाली माझी लेक, तासभर बसवलं तरी हलत नाही, म्हणत होता. पूर्वी हिच्या मागे धावायचो. जावईबापू हसले. मग दादा म्हणाला की तो स्कार्फ काढ बेटा, त्याचा लाल रंग हनुवटीवर पडतोय, या कॅमेऱ्यात लगेच दिसतं. मग जावईबापू अगदी प्रेमाने म्हणाले की काढ ना, बाबा म्हणतायत तर.

फोटो एकामागून एक पडद्यावर येऊन पडले. एक बरा वाटला तो इस्त्रीबाईने उघडला आणि जावयापासून सुरुवात केली. गुळगुळीत दाढी, पण जबड्याखाली वस्तऱ्याने सोललेले पुळे. दातांच्या फटीत सकाळचं काहीतरी. नेहमीचंच. मग ती भिंगरीकडे वळली. तिची रीत ठरलेली होती. कपाळापासून सुरुवात करायची आणि खाली उतरायचं. हात आपला आपण चालायचा. बाहेर गप्पा चालू होत्या, ती त्या ऐकत होती, आणि पेन कपाळावरून गालावर, गालावरून कानाखाली, कानाखालून मानेवर उतरत होतं. उजव्या बाजूचा एक डाग गेला. डावीकडे आली. तिथे एक गेला, दुसरा गेला, तिसऱ्यावर पेन ठेवलं आणि हात थांबला.

डाग कधी एका ओळीत नसतात. कातडी काही इतकी व्यवस्थित वस्तू नाही.

तिने पुसलेलं सगळं एकेक करून परत आणलं. ओल आलेल्या भिंतीवर रंग फासावा तसा तो मेकअप मानेवर बसला होता, आणि या मेल्या कॅमेऱ्याने रंगाच्या खालची ओलही टिपली होती. मधोमध पिवळी, कडेला हिरवट. कातडीवरच्या रंगांची ओळख तिच्याइतकी कुणाला असणार. मार ताजा असतो तेव्हा निळा असतो. हिरवा-पिवळा व्हायला दिवस लागतात. डाव्या बाजूला चार. उजव्या बाजूला एक, मोठा. तिने आपला हात उचलून पडद्यावरच्या मानेजवळ नेला. अंगठा इकडे आला, बोटं तिकडे आली. तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

मग तिला एक भलतीच शंका आली आणि ती शंका आल्याबद्दल स्वतःचा राग आला. तरी तिने जुने फोटो काढले. ती मूळ फोटोला कधी हात लावत नसे. पुसलेलं सगळं वरच्या एका वेगळ्या थरावर असायचं, आणि तो थर बंद केला की खालचा माणूस जसाच्या तसा बाहेर यायचा. भिंगरीच्या वाढदिवसाचा फोटो होता. थर बंद केला. घड्याळाच्या पट्ट्याखालून मनगटाभोवती एक काळपट वळ. लग्नाला वर्ष झालं तेव्हाचा फोटो. थर बंद केला. खालचा ओठ एका बाजूला फुटून भरून आलेला. दोन्ही ठिकाणी साफसफाई अगदी बेमालूम होती. केली तिनेच होती, पट्टा घट्ट असेल, थंडीने ओठ उलला असेल, असं काहीसं मनात येऊन. किंवा मनात काहीच न येता.

ती उठून मोरीशी गेली. नळ सोडून तोंड धुतलं तेव्हा समोरच्या आरशात तिला तिचा चेहरा दिसला. लोकांच्या इतक्या वर्षांच्या घाणीने जे झालं नव्हतं ते तो एक चेहरा बघून झालं. तिला स्वतःची शिसारी आली.

तिने दादाला आत बोलावलं. तो आला, वाकला आणि म्हणाला, पापण्या बघ, एकेक सुटी मोजता येते. तिने त्याला मान दाखवली. तो बघत राहिला. त्याला कळलं, हे तिला कळलं, कारण त्याने हात पुढे करून फोटो पुन्हा पापण्यांवर नेला. पण तो म्हणाला की मेकअपचा डाग असेल, या लाईटमध्ये रंग बदलतात.

"दादा, मी काय पुसते ते मला कळतं."

"ते बाहेर बसलेत," दादा दबक्या आवाजात म्हणाला. "आता पूस आणि दे. नंतर बघू आपण. नीट, शांतपणे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. नाकावरच्या त्या छिद्रांकडे नव्हे. ती तर आता बिचारी निरागस वाटत होती. त्यांच्यामागे जो माणूस होता तो तिला पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसत होता, आणि त्याची किळस पेनाने जाण्यासारखी नव्हती. मागच्या खोलीत पुसलेलं मागच्या खोलीतच राहतं, हा या दुकानाचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. गिऱ्हाइकाचा तीळ, गिऱ्हाइकाचं टक्कल, कशाबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. या नियमाचा तिला आजवर अभिमान होता.

फोटोची पार्श्वभूमी निवडायची आहे असं सांगून तिने भिंगरीला आत बोलावलं, स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि फोटो मोठा केला. भिंगरी बघत राहिली. रडली नाही, दचकली नाही, मान झाकायला हातसुद्धा नेला नाही. इतकी स्थिर बसली होती की आत्याला तिला धरून हलवावंसं वाटलं.

"एवढंच ना," भिंगरी म्हणाली. "पूस की, आत्या. तू तर सगळ्यांचं पुसतेस."

"हे माझ्याच्याने नाही पुसवणार."

"का? मागचं पुसलंसच की." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, हेच ऐकवत नव्हतं. "हातावरचं पुसलंस, ओठाचं पुसलंस. फोटो घरी आले तेव्हा मी आधी तेच बघितलं. मला वाटलं, आत्याला कळलंय. आणि तिचं म्हणणं असं आहे की हे असं पुसून टाकायचं."

इस्त्रीबाईने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. या पोरीने दोनदा आपला चेहरा तिच्याकडे पाठवला होता. दोन्ही वेळा तो स्वच्छ करून, फ्रेम लावून परत गेला होता. तिने भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला. खूप वेळाने पोरीने डोकं त्या हाताला टेकवलं, आणि खांदे हलायला लागले.

बाहेरून जावईबापूंची हाक आली. "आत्याबाई, झालं का? आम्हाला निघायला हवं."

ती पडदा सारून बाहेर गेली. दादा पडद्याला लागूनच उभा होता. त्याने सगळं ऐकलं असणार. जावईबापू पुढच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसले होते. अत्तराचा वास खोलीत दाटून राहिला होता.

"वेळ लागेल," ती म्हणाली. "तुम्ही निघा. ती इथेच राहील."

ते हसले. हसताना फटीतलं ते सकाळचं अजून दिसत होतं. पार्श्वभूमी निवडायला इतका वेळ कशाला, असं म्हणाले. मग उठून उभे राहिले, आवाज तोच ठेवला, पण हसू आवरतं घेतलं आणि दादाकडे वळले. "बाबा, तुम्हीच समजावा यांना. उद्यापासून कॅटलॉग सुरू करायचंय ना आपल्याला?"

दादाच्या हातात तो कॅमेरा होता. तो भित्रा माणूस होता, आयुष्यभर गिऱ्हाइकाला हो म्हणत आलेला. त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला, दारापर्यंत गेला आणि दुकानाचं लोखंडी शटर अर्धं खाली ओढलं.

"जावईबापू, आज स्टुडिओ बंद," तो म्हणाला. तेवढंच. पण बाजूला झाला तो बाहेर जाणाऱ्यासाठी वाट सोडून, आणि दुसरं काही ऐकायच्या तयारीत नसल्यासारखा जमिनीकडे बघत उभा राहिला. जावईबापूंनी पडद्याकडे एकदा बघितलं. इस्त्रीबाई पडद्यासमोरून हलली नाही. बघून घेतो, असं काहीतरी पुटपुटत ते वाकून शटरखालून बाहेर पडले. वाकताना त्यांच्या कडक इस्त्रीच्या शर्टाला शटरचं ग्रीस लागलं. ते पुसायचं तिच्या मनातही आलं नाही.

मग तिने कापूस आणि तेल घेतलं आणि भिंगरीच्या मानेवरचा थर हलक्या हाताने काढला. एकेक बोट उघडं होत गेलं. भिंगरी एकदा कण्हली तेव्हा आत्याने हात थांबवला आणि पोरीने मान हलवून चालू ठेवायला सांगितलं.

"दादा, कॅमेरा परत द्यायचाय तो उद्या ना? मग आण इकडे," आत्या म्हणाली. "उद्या कुणी पुरावा मागितला तर दाखवायला हवा."

दादाने दिवे लावले. स्टुलावर बसलेल्या लेकीसमोर तो उभा राहिला आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. सवयीने त्याने "जरा हसा" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. चौकट आपली आपण भिंगरीच्या डोळ्यावर जाऊन बसली. त्याने ती खाली ओढली, ती परत वर गेली.

"डोळे शोधायचं बंद कर," इस्त्रीबाई म्हणाली. "मान हवीय आपल्याला."

त्याने ते बंद केलं आणि हाताने काच फिरवत फिरवत बोटांच्या खुणांवर आणली. त्याला वेळ लागला, कारण पुन्हा पुन्हा डोळे पुसावे लागत होते. भिंगरी हलली नाही. पण हे बसणं निराळं होतं. हनुवटी तिने आपणहून वर उचलली होती.

दिवे उडाले. आवंढा गिळल्यासारखा तेवढाच आवाज झाला.

"निघाला?" भिंगरीने विचारलं.

"निघाला," आत्या म्हणाली, आणि आत जाऊन तिने तो फोटो आला तसाच जपून ठेवला. टेबलावरचं पेन तिने उचलून खणात टाकलं.